प्राजक्त आवाक्यात ठेवायचाय: छाटणी कधी, कुठून, किती?

ओसरी | २४ जानेवारी

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या आमच्या घराच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीपासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर प्राजक्त आहे. सासऱ्यांनी लावलेला. आता तो पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या वर गेलाय. जमिनीतूनच चार खोडं आलीत, दोन मनगटाएवढी, दोन त्याहून जाड. डोक्याच्या उंचीपर्यंत नुसत्या काटक्या, पानाचं नाव नाही. जो काही बहर तो शेंड्यावर, आणि शेंडा झुकलाय शेजाऱ्यांकडे. थोडक्यात, सत्यभामेचा प्रश्न. फरक इतकाच की आमच्या रुक्मिणीला फुलं नको आहेत. त्यांची पांढरी गाडी नेमकी तिथेच उभी असते. पावसात भिजलेली फुलं बॉनेटला चिकटतात आणि देठांचे केशरी डाग पडतात. माणसं भली आहेत, भांडत नाहीत. पण रोज सकाळी काका फडकं घेऊन उभे दिसले की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

माळीदादा दरवर्षी गणपतीच्या तोंडावर येतात आणि कोयत्याने वरचा भाग सपासप उडवतात. नंतर तो तेवढाच वाढतो, उलट जास्त दाट. फुलं मात्र वर्षागणिक कमी.

मला झाड सात-आठ फुटांत हवंय. भिंतीच्या कडेने आडवं पसरलं तरी चालेल. एकच अट आहे. सासूबाईंना या चातुर्मासात देवाला प्राजक्ताचा लक्ष, म्हणजे लाखभर फुलं, वाहायचाय. त्यामुळे यंदाचा बहर बुडून चालणार नाही. काय करता येईल?

सावलीप्रेमी | २४ जानेवारी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. प्राजक्त हे दहा मीटरपर्यंत जाऊ शकणारं झाड आहे. त्याला आठ फुटांत कोंबायचं म्हणजे दरवर्षी त्याच्याशी कुस्ती. भिंतीपासून अडीच फुटांवर तो लावायलाच नको होता. काढून टाका आणि तिथे कुंद किंवा तगर लावा. प्राजक्ताचं रोप मोकळ्या जागी लावा, बियांपासून सहज येतं. दोन-तीन वर्षांत फुलतं.

गच्चीतली_बाग | २४ जानेवारी

@सावलीप्रेमी, सासऱ्यांनी लावलेलं झाड काढून टाका, हा सल्ला सासूबाईंच्या समोर उभं राहून देऊन बघा एकदा. :)

ओसरी, माझा प्राजक्त ठाण्यात गच्चीवर ड्रमात आहे, पाच फुटांच्या वर जाऊ देत नाही. फुलं भरपूर. पण ड्रमातलं गणित वेगळं, मुळंच आवळलेली असतात. जमिनीतल्यासाठी खुरपं काय म्हणतात ते बघा.

खुरपं | २५ जानेवारी

हाक ऐकली. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, सावलीप्रेमींचं अर्धं बरोबर आहे. तुम्ही हात लावला नाही तर ते झाड होणारच. पण प्राजक्त तोडीला फार चिवट आहे. डोंगरात जळणासाठी बुंध्यापासून तोडला तरी पुढच्या पावसात खोडक्यातून पुन्हा फुटतो. म्हणजे त्याला झुडूप म्हणून वाढवणं ही काही जबरदस्ती नाही. फक्त कुठे कापायचं आणि कधी, हे कळलं पाहिजे.

कधी: प्राजक्ताची फुलं त्याच वर्षी फुटलेल्या कोवळ्या फांद्यांवर येतात, टोकाला आणि टोकाजवळच्या पानांच्या बगलेत. आपल्याकडे बहर साधारण ऑगस्टपासून, भर सप्टेंबर-ऑक्टोबरात, रेंगाळत डिसेंबरपर्यंत. गणपतीच्या तोंडावर शेंडे उडवले म्हणजे तयार होत आलेल्या कळ्याच कापून टाकल्या. दरवर्षी फुलं कमी होण्याचं कोडं इथेच सुटलं. माळीदादांचा हात वाईट नाही, मुहूर्त वाईट आहे. बहर संपला, चपट्या शेंगा वाळून खडखडू लागल्या आणि पानं गळायला लागली की छाटायचं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत.

कुठे: शेंड्यावरचा कोंब खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो उडवला की काप घेतलेल्या जागेच्या लगेच खालचे चार-पाच डोळे एकदम सुटतात. खालच्यांना त्याचा काही उपयोग नाही. म्हणून एकाच उंचीवर दरवर्षी कापलं की तिथे खराटा तयार होतो. खराट्याची सावली खाली पडते, खालच्या फांद्या उन्हावाचून मरतात, आणि मग तुम्ही लिहिलंय तसं खाली काटक्या, वर जंगल. उंची कमी करायची तर वरून भादरायचं नाही. फांदीच्या मागावर खाली उतरत यायचं, जिथे बऱ्यापैकी जाड बाजूची फांदी फुटली आहे अशा बेचक्यापर्यंत, आणि तिथे वरचा भाग काढायचा. बाजूची फांदी मुख्य फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. मग जोर तिच्यात जातो आणि खराटा होत नाही.

आता तुमच्या लक्षाची अट. चारही खोडं एकदम बुंध्यापासून कापली तर झाड मरणार नाही, पण यंदा फुलांचा भरवसा नाही. म्हणून तीन वर्षांचा हप्ता बांधा. यंदा शेजाऱ्यांकडे सर्वात जास्त झुकलेलं जाड खोड जमिनीपासून वीतभर ठेवून काढा. उरलेली तीन बेचक्यापर्यंत उतरवा. आठ फुटांचा हट्ट यंदा धरू नका, दहावर थांबलात तरी पुष्कळ. पुढच्या वर्षी दुसरं जाड खोड. तोवर पहिल्याच्या खोडक्यातून आलेले धुमारे फुलायला लागलेले असतील. अशी खोडांची पाळी लावली की झाड कायम तरुण राहतं आणि कायम आवाक्यात.

खुरपं | २५ जानेवारी

एक राहिलं, आणि हे प्राजक्तापुरतं फार कामाचं आहे.

कोवळी फांदी चिमटीत धरून फिरवून बघा, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीला काटकोनात. एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर तिच्या वरची दक्षिण-उत्तर. ज्या जोडीच्या वर कापाल, त्या जोडीच्या बगलेतून दोन फांद्या फुटणार, त्याच दोन दिशांना. तुम्हाला आडवा पसरलेला हवाय ना? मग कापताना बघा, जोडी भिंतीला समांतर आहे का. नसेल, म्हणजे एक डोळा शेजाऱ्यांकडे आणि एक तुमच्या खिडकीकडे असेल, तर एक पेर खाली उतरा. तिथली जोडी नेमकी हवी तशी असणार. एका पेराचा फरक, पण पुढची वाढ भिंतीच्या कडेने जाते. आत्ता पानं गळली असली तरी पानाच्या देठाचे वण दिसतात, त्यावरून कळतं.

ओसरी | २५ जानेवारी

बाप रे. आत्ता बाहेर जाऊन फांदी फिरवून आले. खरंच चौकोनी आहे! इतकी वर्षं फुलं वेचतेय, कधी लक्षातच आलं नाही.

कातळफूल | २६ जानेवारी

आमच्या रत्नागिरीकडे छाटणी शिमग्याच्या आधी उरकतात, मुहूर्त जवळपास तोच. पण कोकणातल्यांनी एक सांभाळा. आमच्याकडे पाऊस लागला की चार महिने उसंत नाही. मे-अखेरीस जाड फांदी कापली आणि जखम भरायच्या आत पाऊस सुरू झाला तर खोडकं वरून कुजत जातं. त्यामुळे मोठे काप होळीच्या आत, नंतर फक्त सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) करण्यासारखी किरकोळ कामं.

आम्ही जाड कापांना बोर्डो पेस्ट लावतो. आंबा-काजूसाठी केलेली घरात असतेच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. एवढ्याशा झाडाला शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम, लिटरभर पाणी पुरतं. प्लॅस्टिकच्या बादलीत करा, लोखंडी नको. आणि मोरचुदाच्या पाण्यात चुन्याची निवळी ओतण्याऐवजी दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतून ढवळा.

सदाफुलीवाली | २६ जानेवारी

आमची आजी शेण-माती लिंपायची. चालतं का?

खुरपं | २६ जानेवारी

@सदाफुलीवाली, मी नाही लावत. ओल धरून ठेवते, आत काय चाललंय ते दिसत नाही. खरं तर पुण्याच्या कोरड्या फेब्रुवारीत स्वच्छ काप उघडा ठेवला तरी झाड स्वतःच कड गोळा करून तो बुजवतं. जखमेवर काही लावल्याने ती लवकर भरते असं नाही, उद्देश असतो तो बुरशी रोखण्याचा. कातळफूल यांच्या पावसात मीही बोर्डो लावेन. ओसरींनी बुंध्याजवळच्या एका जाड कापाला लावली तरी बास, बाकीच्यांना गरज नाही.

त्यापेक्षा काप कसा घेता ते महत्त्वाचं. कोयता नको. कोयत्याने फांदी तुटते कमी आणि फाटते जास्त, सालीची पट्टी खोडापर्यंत सोलत जाते. बोटाएवढ्या जाडीपर्यंत सिकेटर, त्यापुढे घडीची करवत. जड फांदी तीन कापांत काढायची. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धा काप, मग थोडं पुढे वरून, म्हणजे फांदीचं ओझं उतरलं. शेवटी उरलेलं खुंट खोडाजवळ. खोडाला मिळते तिथे फांदीला एक फुगीर कड असते, ती कापायची नाही. तिच्या अगदी बाहेरून करवत चालवा. खोडाशी सपाट कापलं की दिसायला छान, पण जखम दुप्पट मोठी. आणि लांब खुंट ठेवला तर तो वाळून मागे सडतो.

नियमावली | २७ जानेवारी

थोडं रुक्ष लिहितो. महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा वृक्षसंरक्षण व जतनाचा कायदा लागू आहे आणि त्यातल्या 'झाड' या व्याख्येत जमिनीलगत फांद्या फुटणारी झुडपंही धरली आहेत. झाड आपल्याच अंगणात आहे म्हणून सूट मिळत नाही. तुम्ही एक अख्खं खोड बुंध्यापासून काढणार आहात. त्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज करा, सोबत फोटो जोडा. अर्जात 'तोडणे' असं न लिहिता 'फांद्यांची छाटणी' असं नेमकं लिहा आणि कोणतं खोड ते फोटोवर खूण करून दाखवा. शेजारी चांगले आहेत म्हणता, पण गल्लीत चांगले नसलेलेही कोणीतरी असतंच.

सावलीप्रेमी | २७ जानेवारी

म्हणजे अर्ज, करवत, बोर्डो, तीन वर्षांचे हप्ते. कुंद लावला असता तर आत्ता सगळे झोपलो असतो.

असो, माहिती चांगली आहे. पारिजातक हजारो वर्षं जगतो म्हणतात, उत्तर प्रदेशात एक महाभारतकाळातला आहे. तेव्हा तुमच्या झाडालाही घाई नसावी.

खुरपं | २७ जानेवारी

बाराबंकी जिल्ह्यातल्या किंतूरचा म्हणताय. त्याला लोक पारिजात म्हणून पूजतात, पण ती गोरखचिंच आहे, आफ्रिकेतल्या बाओबाबची जात. आपला प्राजक्त त्याच्या घराण्यातलाही नाही, हा मोगरा-जाईच्या कुळातला.

परदेशी_पाखरू | २८ जानेवारी

न्यू जर्सीहून. इथे प्राजक्त जमिनीत लावायची सोय नाही, थंडीत मरतो. माझा वीस इंची कुंडीत आहे, चाकांच्या पाटावर. ऑक्टोबरात तापमान उतरायला लागलं की दिवाणखान्यात, मे महिन्यात बाहेर. दारातून आत जाईल एवढाच ठेवावा लागतो, त्यामुळे उंची ठरवायचं काम दारानेच केलंय. फांद्यांबरोबर मुळंही छाटते. एक वर्षाआड मार्चमध्ये गड्डा बाहेर काढून कडेची दोन बोटं मुळं सुरीने कापायची, नवी माती भरून त्याच कुंडीत परत. मुळं कापली की फांद्याही तेवढ्याच कमी करायच्या, नाहीतर पानं माना टाकतात. फुलं इथे उशिरा येतात, आणि बऱ्याचदा नेमकी घरात घेतल्यावर. संध्याकाळी हीटर चालू आणि घरभर प्राजक्ताचा वास. बाहेर पानगळ.

सदाफुलीवाली | २८ जानेवारी

वा! विषय निघालाच आहे तर मोगरा, जास्वंद, अनंत यांचंही सांगाल का? माझी जास्वंद तर बांबूसारखी सरळ वर चाललीय.

खुरपं | २९ जानेवारी

नवा धागा काढा म्हणणार होतो, पण थोडक्यात सांगतो. एकच प्रश्न विचारायचा: फूल यंदाच्या फुटीवर येतं का, आणि बहर कधी संपतो? मोगऱ्याचं पाणी जानेवारीत तोडून पानं झडू द्या, मग निम्म्यावर छाटा, उन्हाळ्याचा बहर सापडतो. कुंद थंडीत फुलतो म्हणून त्याला त्यानंतर. अनंताची फुलं आटोपली की लगेच, उशीर केलात तर पुढच्या कळ्या जातील. जास्वंद नव्या फुटीवर जवळजवळ वर्षभर फुलते, त्यामुळे ती सोशिक. थंडी सरताना एकदा जोरात छाटा, पुढे शेंडे खुडत राहा, बांबू होणार नाही. कापताना पानाखाली आणि बेचक्यांत पिठ्या ढेकूण बघा, असेल ती फांदी आधी काढून बाहेर न्या.

ओसरी | १८ फेब्रुवारी

परवानगी मिळाली आणि काल काम झालं. माळीदादांना धाग्यातलं वाचून दाखवलं. आधी हसले. म्हणाले, "ताई, झाडाला भूमिती शिकवताय?" मग पेरं बघत बघत कापायला लागले आणि शेवटी स्वतःच मला हाक मारून दाखवत होते, ही जोडी आडवी, ही उभी. शेजारचे काका भिंतीपलीकडून दोरी धरून होते, त्यामुळे जाड खोड गाडीच्या जागेवर न पडता आमच्या अंगणात उतरलं. सासूबाई खिडकीतून म्हणत होत्या, "फार नको, फार नको."

आता तीन खोडं आणि एक खोडकं. झाड भयंकर केविलवाणं दिसतंय. खत घालू का काही?

खुरपं | १८ फेब्रुवारी

नको. पानं नाहीत, मुळांना आत्ता भूकच नाही. आठवड्याला एकदा पाणी बास. पाऊस धरला की बुंध्यापासून फूटभर लांब शेणखताची दोन घमेली. युरिया अजिबात नको, हातभर लांब लुसलुशीत धुमारे येतील आणि फुलांच्या नावाने शंख.

ओसरी | ९ मे

धागा वर काढतेय. खोडक्यातून पंधरा-वीस कोंब आलेत, गुच्छासारखे! वरच्या फांद्यांनाही सगळीकडे फूट आहे, काही दीड फुटांच्या झाल्या. शिवाय खाली, जिथे वर्षानुवर्षं पान नव्हतं तिथे जुन्या सालीतून हिरवे ठिपके दिसतायत.

खुरपं | ९ मे

ऊन पोचलं खाली, म्हणून ते ठिपके. जपा त्यांना, तीच तुमची पुढच्या वर्षीची कमी उंची.

खोडक्यावरचे तीन कोंब ठेवा, भिंतीला समांतर जाणारे, जमल्यास एकमेकांपासून लांब. बाकीचे आत्ताच अंगठ्याने चोळून काढा, कोवळे आहेत तोवर निघतात. कापलेत तर बुडाशी डोळे राहतात आणि पुन्हा तेवढेच येतात. वरच्या ज्या फुटी दीड फुटांच्या झाल्या त्यांचा फक्त शेंडा खुडा, एक जोडी पानं, जास्त नाही. एका टोकाची दोन टोकं होतील, आणि प्राजक्तात टोक म्हणजे फूल. जूनअखेर आणखी एकदा खुडलंत तरी चालेल. जुलैच्या मध्यानंतर मात्र सिकेटर कुलपात.

कातळफूल | १० मे

आणि माळीदादांना गणपतीच्या आधी सुट्टी द्या. :)

गच्चीतली_बाग | १० मे

लक्षासाठी एक सोपी युक्ती: एकदा नीट हजार फुलं मोजा, परडीत कुठवर येतात तिथे दोरा बांधा. पुढे परडीनेच माप. ऑगस्ट ते ऑक्टोबर धरलं तर रोज साधारण अकराशे पडतात, एकेक मोजत बसलात तर नैवेद्य दुपारी. आणि झाडाखाली रात्री जुनी साडी अंथरा, पहाटे माती न लागता गोळा होतात.

ओसरी | ११ ऑक्टोबर

लक्ष साठ हजारांच्या पुढे गेलाय. सुरुवातीचे दिवस परडी भरेना, तेव्हा सासूबाई माझ्याकडे आणि मी या धाग्याकडे बघत होतो. नवरात्रापासून मात्र रोज दोन परड्या. कमी पडली तर शेजारच्या काकू त्यांच्या बाजूला पडलेली आणून देतात. हो, पडतात अजून थोडी, गाडी आता हातभर पुढे लावतात. खोडक्याचे तीन धुमारे माझ्या खांद्याला लागलेत, एकावर कळ्याही आहेत.

शेजारच्या बाजूचे शेंडे पुन्हा भिंतीवर डोकावायला लागलेत, तेवढे आत्ता काढू का?

खुरपं | ११ ऑक्टोबर

कळ्या आहेत ना त्यांवर? मग नाही. सुतळीने आत ओढून बांधा. जानेवारीत पानं गळली की दुसरं जाड खोड, आणि तेव्हा उद्यान विभागाचा अर्ज नव्याने करा, जुना चालणार नाही. डिसेंबरातच देऊन ठेवा, नाहीतर परवानगी यायला मार्च उजाडेल.